ऑल्बनीचा चित्रसंग्रह : रंगांत जतन झालेला इतिहास

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. हडसन नदीकाठच्या या शहरातील 'ऑल्बनी इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टरी अँड आर्ट' या संग्रहालयाची परंपरा १७९१ पर्यंत मागे जाते. या परिसरात रंगवली गेलेली जुनी व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे हे त्याचे वैशिष्ट्य. कलाकृती म्हणून त्यांचे मोल आहेच. परंतु स्थानिक इतिहासाची साधने म्हणून ती अधिक बोलकी ठरतात.

अनामिक चित्रकाराचा शोध

अठराव्या शतकाच्या प्रारंभी येथील सधन डच कुटुंबांनी आपली व्यक्तिचित्रे काढून घेतली. आरियान्ट्ये क्वीमन्स या जमीनदार स्त्रीचे पूर्णाकृती चित्र त्यांपैकीच एक. अशा चित्रांवर सही नसे. केवळ 'वय अमुक' अशा अर्थाचे लॅटिन शब्द आणि वर्ष असे. त्यामुळे अभ्यासक चित्रकाराला त्या शब्दांवरूनच ओळखत. पुढे कलाभ्यासक मेरी ब्लॅक यांनी ऑल्बनीचे व्यापारी एव्हर्ट वेंडेल यांच्या हिशेबवहीतील नोंदींच्या आधारे तो चित्रकार नेहेमाया पार्ट्रिज असल्याचे दाखवून दिले. दोन शतकांहून अधिक काळ हरवलेले नाव एका जमाखर्चाच्या वहीने परत मिळवून दिले.

चित्रात आहे, आणि नाही

हडसन नदीच्या खोऱ्यातील निसर्गचित्रणाचे प्रवर्तक थॉमस कोल (१८०१-१८४८) यांनी १८४०-४१ च्या सुमारास व्हॅन रेन्सेलर घराण्याचा वाडा आणि त्याची बाग रंगवली. हा वाडा १८९३ मध्ये पाडण्यात आला. त्याचे देखणे रूप आज या चित्रांत पाहावयास मिळते. मात्र, १८३९ मध्ये जहागीरदार स्टीफन व्हॅन रेन्सेलर यांच्या निधनानंतर थकलेल्या खंडाच्या वसुलीविरुद्ध कुळांनी उठाव केला होता. बागेच्या शांत चित्रात त्या असंतोषाचा मागमूस नाही. ही उणीव ध्यानात येते ती स्थानिक इतिहास ठाऊक असल्यासच.

स्थलांतराचा प्रश्न

म्हणूनच अशी चित्रे कोठे असावीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कोल यांच्या स्मरणार्थ अॅशर ड्युरँड यांनी १८४९ मध्ये 'किन्ड्रेड स्पिरिट्स' हे चित्र रंगवले. कॅट्सकिलच्या डोंगरात कोल आणि कवी विल्यम कलेन ब्रायंट उभे आहेत, असे हे दृश्य. ब्रायंट यांच्या कन्येने १९०४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिले. ग्रंथालयाने २००५ मध्ये ते विकले. किंमत सुमारे साडेतीन कोटी डॉलर असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. खरेदीदार अॅलिस वॉल्टन यांनी आर्कान्सा राज्यात उभारलेले 'क्रिस्टल ब्रिजेस' संग्रहालय २०११ मध्ये खुले झाले आणि चित्र तेथे पोहोचले.

तेथेही ते सर्वांना पाहता येते. तथापि, ज्या डोंगरांचे आणि माणसांचे ते चित्र आहे, त्यांच्यापासून ते दुरावले. चित्र, वही आणि गाव एकत्र राहिले की काय हाती लागते, हे पार्ट्रिजच्या उदाहरणावरून दिसते. स्थानिक संग्रहालयांचे खरे कार्य तेच आहे.