खुली चावडी आणि बंद दप्तर : उत्पन्न, कर व शासकीय लाभाच्या नोंदींचा ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : मराठवाडा)

प्रस्तावना :

व्यक्तीचे उत्पन्न किती, तिने कर किती भरला आणि शासनाकडून तिला कोणता लाभ मिळाला, याच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या असाव्यात काय, हा प्रश्न संगणकयुगाने निर्माण केला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः महसुलाचे दप्तर जितके जुने, तितकाच हा प्रश्नही जुना आहे. प्रस्तुत लेखात छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) व मराठवाडा यांच्या संदर्भात या प्रश्नाचा ऐतिहासिक वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे. या प्रदेशात शेतकऱ्याची जमीन आणि मजुराची मजुरी यांच्या नोंदी खुल्या राहिल्या. नोकरदार, व्यापारी व उद्योजक यांच्या उत्पन्नाच्या नोंदी मात्र बंद राहिल्या. ही विषमता कशी निर्माण झाली आणि तिचे समर्थन करता येते काय, हे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

१. महसुली दप्तर व चावडी :

मलिक अंबरने इ. स. १६१० मध्ये खडकी हे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद म्हणून प्रसिद्धीस आले. जमिनीची पाहणी करून तिच्या प्रतीनुसार सारा ठरविण्याची त्याची पद्धत दख्खनच्या महसूल इतिहासात महत्त्वाची मानली जाते. कोणाकडे किती जमीन आहे, ती कोणत्या प्रतीची आहे आणि तिच्यावर किती सारा बसला, ही माहिती गावाच्या व्यवहाराचाच भाग होती. मात्र दप्तर लिहिणारा व वाचणारा वर्ग मर्यादित असल्याने माहिती गावात असली, तरी तिच्यावरील अधिकार मोजक्यांच्या हाती राहिला.

हैदराबाद संस्थानाच्या भारतातील विलीनीकरणानंतर या स्थितीस कलाटणी मिळाली. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने संरक्षित कुळाला कायदेशीर स्थान दिले. त्यामुळे प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव कागदावर येणे हा त्याच्या अस्तित्वाचा प्रश्न बनला. १९५४-५५ चे खासरा पहाणी पत्रक मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत दीर्घकाळ पुरावा म्हणून पुढे येत राहिले, ते याच कारणामुळे. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये फेरफार नोंदीची प्रत चावडीत लावणे, हितसंबंधितांना कळविणे आणि हरकत आल्यास तिची स्वतंत्र नोंद घेणे तलाठ्यावर बंधनकारक झाले. नोंद केवळ दिसत नव्हती. तिच्यावर हरकत घेता येत होती, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

२. आयकराची गोपनीयता :

भारतात आयकर १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी आणला. १९२२ च्या आयकर कायद्याच्या कलम ५४ ने करदात्याची विवरणपत्रे गोपनीय ठरविली आणि ती उघड करणाऱ्या अधिकाऱ्यास शिक्षेची तरतूद केली. १९६१ च्या कायद्यातील कलम १३७ ने हेच धोरण चालू ठेवले. १९६४ मध्ये ते कलम वगळण्यात आले. तथापि माहिती देणे सार्वजनिक हिताचे आहे काय, हे ठरविण्याचा अधिकार कलम १३८ अन्वये आयुक्तांकडे राहिला. दार थोडे उघडले, परंतु किल्ली अधिकाऱ्याच्याच हाती राहिली.

यामागील युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. गोपनीयतेची हमी असल्यास करदाता खरे उत्पन्न सांगेल, अशी त्यामागील धारणा होती. तथापि नॉर्वे व स्वीडन या देशांत करविषयक माहिती नागरिकांस उपलब्ध असूनही तेथील करव्यवस्था कोसळलेली नाही. नॉर्वेमध्ये २०१४ पासून आपली माहिती कोणी पाहिली हे संबंधित व्यक्तीस कळू लागले. पाहणाराही अशा रीतीने दृश्यमान झाल्याने निव्वळ कुतूहलाला आळा बसला.

३. रोजगार हमी : कर आणि लाभ यांचा दुवा :

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याला होरपळून काढले. मे १९७३ मध्ये राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने वैधानिक रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेसाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदार व व्यावसायिक कर भरतो आणि खेड्यातील मजूर त्यातून मजुरी मिळवितो, असा हा दुर्मिळ सामाजिक करार होता.

परंतु कराराच्या दोन बाजूंच्या नोंदी समान पातळीवर नव्हत्या. मजुराचे नाव, हजेरी व मजुरी मस्टरवर चढत असे आणि कामावर त्याचा पुकारा होई. करदात्याचे उत्पन्न मात्र कार्यालयाच्या कपाटात राही. मस्टरही प्रत्यक्षात मजुरापेक्षा मुकादम व अधिकारी यांच्याच ताब्यात असे. खोट्या हजेरीची आणि बोगस नावांची तक्रार यातूनच उद्भवली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाईत मस्टर मोठ्याने वाचण्यास प्रारंभ केला, तेव्हा मृतांची व गैरहजर व्यक्तींची नावे उघडकीस आली. नाव झाकून केवळ बेरीज जाहीर केली असती, तर हा गैरव्यवहार कोणालाही पकडता आला नसता.

४. माहितीचा अधिकार व खासगीपणा :

महाराष्ट्राने २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा स्वतंत्र कायदा केला. त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाची प्रेरणा होती. २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ४ ने अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेकडे सामाजिक अंकेक्षण सोपविले. राज्यात २०१७ च्या कर्जमाफीत अर्जदारांच्या याद्यांचे चावडीवाचन झाले.

याउलट, अकोला येथे काम केलेल्या एका अधिकाऱ्याच्या मालमत्तेची व आयकर विवरणपत्रांची माहिती मागणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी ती वैयक्तिक माहिती असल्याचे ठरविले. व्यापक सार्वजनिक हित सिद्ध झाल्याशिवाय ती देता येणार नाही, असा निर्णय दिला. म्हणजे शेतकऱ्याचे कर्ज चावडीवर वाचले गेले आणि अधिकाऱ्याचे विवरणपत्र झाकले गेले.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत अधिकार म्हणून मान्यता दिली, हे निश्चितच स्वागतार्ह होते. कर्जबाजारीपणा गावासमोर वाचला जाणे मानहानीकारक ठरू शकते, हेही नाकारता येत नाही. परंतु २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८ (१) (ञ) मध्ये दुरुस्ती करून वैयक्तिक माहितीस सरसकट अपवाद केला. कलम ८ (२) मधील सार्वजनिक हिताची कसोटी कायम असली, तरी नावानिशी मस्टर मागणाऱ्या मजुराची वाट त्यामुळे बिकट झाली.

निष्कर्ष :

१. मराठवाड्याच्या इतिहासात नोंदींच्या खुलेपणाचा लाभ दुर्बलांना तेव्हाच झाला, जेव्हा त्यांना नोंद वाचण्याबरोबरच तिच्यावर हरकतही घेता आली.

२. सार्वजनिक तिजोरीतून दिलेल्या लाभाचे नाव, रक्कम व कारण खुले असावे. बँक खाते, आधार क्रमांक व आजार यांसारखा तपशील मात्र झाकलेलाच असावा.

३. सर्व नागरिकांची आयकर विवरणपत्रे खुली करण्याची आवश्यकता नाही. तथापि निवडणूक लढविणाऱ्या उमेदवारांना २००२-०३ च्या न्यायालयीन निर्णयांनंतर संपत्ती जाहीर करावी लागते. तीच कसोटी सार्वजनिक अधिकार वापरणाऱ्या अधिकाऱ्यांनाही लागू व्हावी.

४. खुलेपणाचे प्रमाण सत्तेच्या प्रमाणात असावे, दारिद्र्याच्या नव्हे. आजवर ते बव्हंशी उलटे राहिले. चावडी खुली आणि कार्यालयातील दप्तर बंद, ही विभागणी दूर झाल्याशिवाय पारदर्शकतेला लोकशाहीचा अर्थ प्राप्त होणार नाही.