माँ ब्लाँचे विस्मरणात गेलेले डॉक्टर

आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर माँ ब्लाँ. उंची सुमारे ४८०६ मीटर. पायथ्याचं शामोनी गाव हजार मीटरच्या थोडं वर, म्हणजे अंगणात उभं राहून मान वर केली की पावणेचार किलोमीटर उंचीचा डोंगर! हिमनद्या पार शेतांजवळ उतरायच्या. जुने लोक या डोंगराला 'शापित' म्हणत, यात नवल ते काय?

१७६० साली जिनीव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी शिखराची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. त्यानंतर तब्बल २६ वर्षं गेली. ७ ऑगस्ट १७८६ रोजी गावचे डॉक्टर मिशेल पाकार आणि डोंगरात स्फटिक शोधत हिंडणारा जाक बाल्मा असे दोघंच निघाले. ना दोर, ना बर्फ फोडायची कुऱ्हाड. हातात लांब काठ्या, आणि डॉक्टरांजवळ हवेचा दाब मोजायचं यंत्र. रात्र दोन हिमनद्यांमधल्या खडकांवर काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला दोघंही माथ्यावर होते.

खरी गोष्ट इथून पुढची. बुरी नावाचे एक लेखक स्वतः अनेकदा प्रयत्न करून हरले होते. त्यांनी लगेच लिहून टाकलं की पराक्रम सगळा बाल्माचा, डॉक्टर नुसते मागून गेले. बक्षीसही बाल्माला मिळालं. डॉक्टरांनी पुस्तक जाहीर केलं होतं, पण ते निघालंच नाही. १८२७ साली ते वारले. पाच वर्षांनी कादंबरीकार अलेक्सांद्र द्यूमा म्हाताऱ्या बाल्माला भेटले, आणि त्याने रंगवून सांगितलेली हकिगत घरोघरी पोचली. ती खोडून काढायला डॉक्टर होते कुठे?

पण एक साक्षीदार होता. गेर्सडॉर्फ नावाचे जर्मन गृहस्थ त्या संध्याकाळी शामोनीतून दुर्बिणीने पाहत होते आणि वेळा टिपून ठेवत होते. त्यांची वही विसाव्या शतकात अभ्यासकांनी तपासली, तेव्हा डॉक्टर बरोबरीने चढले होते हे कळलं. परीक्षेतली नक्कल पकडावी तशी ही वही मला वाटते!

१८८७ साली शामोनीत पुतळा उभा राहिला तो सोस्यूर आणि शिखराकडे बोट दाखवणाऱ्या बाल्माचा. डॉक्टर पाकार यांचा पुतळा बसवला गेला १९८६ साली, चढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा. ते एकटेच बसलेत, डोंगराकडे बघत.