संमतिवय : घराबाहेरचे आणि घरातले

चाकण किंवा भोसरीच्या दवाखान्यात सतरा वर्षांची विवाहित मुलगी बाळंतपणासाठी नाव नोंदवायला येते, तेव्हा तिला लागू होणाऱ्या कायद्याचे मूळ १८९१च्या संमतिवयाच्या वादात आहे. तो वाद आपण टिळक-आगरकरांचा म्हणून लक्षात ठेवला. कायद्यातले आकडे मात्र विसरलो.

१८६०च्या दंडसंहितेने १० वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध बलात्कार ठरवला, मग तो परक्याचा असो वा नवऱ्याचा. १८८९मध्ये बंगालमधली फुलमणी नवऱ्याच्या अत्याचाराने दगावली. तिने दहावे वर्ष ओलांडलेले असल्याने हे कलम लागूच झाले नाही. नवरा एका वर्षाच्या कैदेवर सुटला. बेहरामजी मलबारी १८८४पासून चालवत असलेल्या चळवळीला त्यामुळे धार आली आणि १९ मार्च १८९१ रोजी मर्यादा १२ वर्षांवर गेली. ती पत्नीलाही लागू होती.

पुण्यात भांडारकरांनी शास्त्राधारे आणि आगरकरांनी ‘सुधारका’तून विधेयकाची बाजू घेतली. टिळक बालविवाहाचे कैवारी नव्हते. मुलीचे लग्न सोळाव्या वर्षाआधी करू नये, असे बंधन सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावे, असे त्यांनीच १८९०मध्ये सुचवले होते. परक्या सरकारने घरात हात घालू नये, हा त्यांचा आक्षेप होता.

टिळक तेव्हा हरले. पण उंबरठ्याचा तो मुद्दा पुढे कायद्यातच शिरला. १९२५मध्ये घराबाहेर १४ वर्षे ठरली, पत्नीसाठी १३. १९४९पर्यंत हे आकडे १६ आणि १५ झाले. १९७८मध्ये मुलीचे विवाहाचे वय १८ झाले, तरी पत्नीचा आकडा १५च राहिला. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आलेल्या पॉक्सोने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले. २०१३मध्ये दंडसंहितेतही घराबाहेरची मर्यादा १८ झाली. घरातली तिथेच थांबली. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही फट बुजवली. दोन आकडे पुन्हा एक व्हायला ९२ वर्षे लागली.

आकडे जुळले, तरी प्रश्न उरतोच. गाव सोडून कारखानदारीच्या पट्ट्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या त्या मुलीची कायद्याशी पहिली गाठ दवाखान्यात पडते. पॉक्सोच्या कलम १९नुसार डॉक्टरने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा कलम २१नुसार गुन्हा आहे. घरातला कमावता माणूसच आरोपी होणार असेल, तर तपासणीला जावे की नाही, हा तिच्यापुढचा पेच. तिने तपासणी टाळली, तर तिच्या रक्षणासाठी केलेला कायदाच तिला डॉक्टरपासून दूर ठेवतो.

१८९१मध्ये शास्त्री, संपादक, न्यायमूर्ती सगळे बोलले. नको असलेल्या नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाई त्याआधीच कोर्टात उभ्या राहिल्या होत्या. पण त्या शिकलेल्या होत्या आणि वर्तमानपत्रात लिहू शकत होत्या. खोलीतल्या मुलीचे म्हणणे ऐकण्याची सोय आजही आकड्यांच्या मागेच रेंगाळते आहे.