महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्था आणि लोकप्रतिनिधींचे प्रशिक्षण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

स्थानिक स्वराज्य संस्था या लोकशाहीच्या प्राथमिक शाळा आहेत, हे विधान राज्यशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. वारंवार उद्धृत झाल्यामुळे त्यातील आशय मात्र काहीसा झिजला आहे. शाळा म्हटली की विद्यार्थी कोण, शिक्षक कोण आणि शिकण्यासाठी अवधी किती, हे प्रश्न ओघानेच येतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नांचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला आहे. या इतिहासात एक विसंगती सातत्याने दिसते. संस्थेच्या कर्मचाऱ्याला शिकविण्याची व्यवस्था लवकर उभी राहिली आणि टिकली. निवडून आलेल्या सदस्याला मात्र पदावर बसूनच शिकावे लागले, आणि ते पद नियमितपणे उपलब्ध राहील याची हमी त्याला कधीच मिळाली नाही.

रिपनचा ठराव आणि त्याचा विसर

लॉर्ड रिपन यांच्या सरकारने १८ मे १८८२ रोजी संमत केलेला ठराव भारतातील स्थानिक स्वराज्याची सनद मानला जातो. या ठरावाची भूमिका आजही विचार करायला लावणारी आहे. कारभार सुधारावा हा त्याचा प्रमुख हेतू नव्हता. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, हा होता. सुरुवातीला चुका होतील, काही ठिकाणी अपयशही येईल, हे ठरावाने गृहीतच धरले होते. अधिकाऱ्यांनी संस्थांवर बाहेरून देखरेख ठेवावी, आत बसून त्या चालवू नयेत, असाही त्याचा आग्रह होता. थोडक्यात, चूक करण्याची मुभा हाच या शिक्षणाचा पाया होता. मुंबई इलाख्यात १८८४ च्या लोकल बोर्ड व जिल्हा नगरपालिका कायद्यांनी या धोरणाला कायद्याचे रूप दिले; तथापि मालमत्ता आणि कर यांवर आधारलेल्या मताधिकारामुळे या शाळेत प्रवेश मिळाला तो बहुतांशी आधीच शिकलेल्यांना. फिरोजशहा मेहता मुंबई महानगरपालिकेत आले ते बॅरिस्टर होऊन. अहमदाबाद नगरपालिकेचे वल्लभभाई पटेल यांचेही तसेच. अशा सदस्यांना नियमावली वाचून दाखविण्याची गरज नव्हती.

या संदर्भात रिपनच्या ठरावापूर्वीचे एक उदाहरण अधिक बोलके आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त शहर सजविण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने त्यास विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. सदस्यत्व सरकारने दिलेले, खर्च सरकारच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताचा, आणि विरोध करणारा एकच. लोकप्रतिनिधीच्या अंगी कोणते गुण असावेत याची चर्चा करताना हा प्रसंग विसरता येत नाही. असे गुण कोणत्या वर्गात शिकविता येतील, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

कर्मचाऱ्यांची पदविका

रिपनच्या ठरावातील ‘शिक्षण’ आणि पुढे रूढ झालेले ‘प्रशिक्षण’ या दोन शब्दांत फरक आहे. १९२६ साली मुंबईत स्थानिक स्वराज्याच्या अभ्यासासाठी व प्रशिक्षणासाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था या नावाने ती आज ओळखली जाते. (ज्यांचा अभ्यास करायचा त्या संस्थांचेच नाव अभ्यास करणाऱ्या संस्थेने घेतल्यामुळे मराठीत लिहिताना नेहमीच घोटाळा होतो.) ‘एल.एस.जी.डी.’ ही तिची पदविका नगरपालिकांच्या कचेऱ्यांत सर्वपरिचित झाली. स्वच्छता निरीक्षकांच्या अभ्यासक्रमानेही असंख्य तरुणांना रोजगाराचा मार्ग दाखविला. सार्वजनिक आरोग्य, लेखे, करआकारणी या विषयांत नगरपालिकांना जाणकार माणसे मिळाली, हे या संस्थेचे श्रेय आहे. परंतु पदविकेमागील प्रेरणा नोकरी आणि पदोन्नती ही होती. नगरसेवकाला पदविका नको होती आणि पदोन्नती मिळायची नव्हती. त्यामुळे औपचारिक शिक्षणाचे वर्तुळ कर्मचाऱ्यापुरते मर्यादित राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात हेच चित्र ग्रामीण भागात उमटले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याबरोबर ग्रामसेवकांच्या प्रशिक्षण केंद्रांचे जाळे उभे राहिले. अधिकाऱ्यांसाठी १९५८ मध्ये मसुरी येथे केंद्रीय संस्था स्थापन झाली. ती पुढे हैदराबादला हलली व १९७७ पासून राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्र शासनाने १९६३ साली आपल्या अधिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. तिचेच रूपांतर पुढे पुण्याच्या यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनीत, म्हणजे ‘यशदा’त झाले. या सर्व संस्थांच्या आरंभीच्या काळात शिकणारा कोण, हे पाहिले तर उत्तर एकच मिळते : शासनाचा सेवक.

याचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार पंचायतीचे दप्तर सांभाळणारा ग्रामसेवक हा प्रशिक्षित होता. सरपंच व सदस्य अप्रशिक्षित होते. त्यामुळे करआकारणीची नोंदवही म्हणजे ‘नमुना आठ’ कसा वाचायचा, ठरावाची भाषा कशी असते, कोणता खर्च कोणत्या शीर्षाखाली पडतो, हे सदस्य शिकला ते ग्रामसेवकाकडूनच. ज्याच्या कामावर देखरेख ठेवायची, त्याच्याकडूनच देखरेखीचे धडे घ्यायचे, अशी ही रचना होती. तिच्यातून सौहार्द निर्माण झाले असेल; स्वतंत्र बुद्धीने प्रश्न विचारणारा सदस्य क्वचितच निर्माण झाला.

जिल्हा परिषद : वर्गाविना शाळा

बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या अहवालानंतर महाराष्ट्राने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. तिच्या १९६१ च्या अहवालावरून जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता, तर महाराष्ट्राने जिल्हा हा घटक मानला. आमदार व खासदार यांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवण्यात आले. या एका निर्णयाने नव्या माणसांसाठी जागा मोकळी झाली. विषय समित्यांचे सभापतिपद, अंदाजपत्रक, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याशी रोजचा संबंध, शाळा व दवाखाने यांचा प्रत्यक्ष कारभार यांतून ग्रामीण नेतृत्वाची एक पिढी घडली. या नेतृत्वाचा अभ्यास डॉ. व. म. सिरसीकर यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला आहे. पुढे मुख्यमंत्री झालेले विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. गृहमंत्री झालेले आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते. या नेतृत्वावर जात, सहकारी साखर कारखाने आणि घराणी यांची छाया होती, ही टीका रास्त आहे. तरीही रिपनच्या कल्पनेतील शाळेच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग हाच होता, असे म्हणावे लागते.

आणि हीच शाळा बंद पडली. जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९६२, १९६७, १९७२ व १९७९ मध्ये झाल्या. त्यानंतरची निवडणूक झाली थेट १९९२ मध्ये. मधली तेरा वर्षे नव्या सदस्यांची भरती थांबली. १९७९ साली वीस वर्षांचा असलेला तरुण जिल्हा परिषदेची पुढची निवडणूक येईपर्यंत तेहतीस वर्षांचा झाला. त्याच काळात, १९८४ साली, पी. बी. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली पंचायत राज मूल्यमापन समिती नेमण्यात आली आणि १९८६ मध्ये तिचा अहवाल आला. ज्या संस्थांचे मूल्यमापन चालले होते त्यांचे मतदार मात्र मतदानाच्या प्रतीक्षेत होते. या तेरा वर्षांत अधिकारी बदलत राहिले, त्यांची प्रशिक्षणेही होत राहिली. राज्यातील पंचायत राजाच्या इतिहासात या खंडाकडे जेवढे लक्ष जावयास हवे, तेवढे गेलेले नाही.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर

२४ एप्रिल १९९३ रोजी त्र्याहत्तरावी व १ जून १९९३ रोजी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अंमलात आली. पाच वर्षांची मुदत, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग आणि महिला, अनुसूचित जाती व जमाती यांचे आरक्षण यांमुळे सदस्याचे सामाजिक स्वरूप बदलले. महाराष्ट्रात महिलांचे आरक्षण २०११ मध्ये निम्म्या जागांपर्यंत पोचले. सुमारे अठ्ठावीस हजार ग्रामपंचायती आणि दोन लाखांहून अधिक सदस्य, त्यांपैकी निम्म्या स्त्रिया. त्यांतील अनेकींसाठी पंचायतीची सभा ही घराबाहेरची पहिलीच अधिकृत बैठक होती. प्रथमच लोकप्रतिनिधींचे प्रशिक्षण हे शासनाचे नियमित काम झाले. ‘यशदा’ने ‘प्रवीण प्रशिक्षक’ तयार केले. त्यांनी तालुक्यांतील सभागृहांत सदस्यांचे वर्ग घेतले. रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी १९८२ पासून या क्षेत्रात होतीच. स्वयंसेवी संघटनाही पुढे आल्या.

या वर्गांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. ‘सरपंचपती’ या शब्दाने जी टिंगल होते, तिला उत्तर देण्याचे बळ अनेक स्त्रियांना अशा दोन-तीन दिवसांच्या शिबिरांतूनच मिळाले. अडचण अन्यत्र आहे. आरक्षण चक्राकार फिरते. पहिली दोन वर्षे दप्तर समजून घेण्यात, तिसरे वर्ष ग्रामसेवकाशी जुळवून घेण्यात जाते. चौथ्या वर्षी कामाची दिशा सापडते आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस जागा दुसऱ्या प्रवर्गाकडे जाते. शिकलेली सरपंच घरी परतते व नवी सरपंच पहिल्या पानापासून आरंभ करते. चक्राकार पद्धतीमागील न्यायाची भूमिका योग्य आहे, परंतु तिची किंमत ज्ञानाच्या रूपाने मोजली जाते. माजी सदस्यांच्या अनुभवाचा उपयोग नव्या सदस्यांना व्हावा अशी व्यवस्था रुजली असती, तर ही हानी बरीच कमी झाली असती.

दुसरा मार्ग पात्रतेचा. २०१७ मध्ये सरपंचाच्या थेट निवडणुकीबरोबरच १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी सातवी उत्तीर्ण असण्याची अट आली. थेट निवडणूक २०२० मध्ये रद्द झाली व २०२२ मध्ये परत आली, हा भाग वेगळा. शिक्षणाच्या अटीत मात्र रिपनचा क्रम उलटला आहे. तेथे पद हे शिक्षणाचे साधन होते. येथे शिक्षण हे पदाचे प्रवेशपत्र झाले.

मेंढा (लेखा) : अभ्यासगटाची परंपरा

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने तिसरी वाट दाखविली. तेथे देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने अभ्यासगटाची पद्धत रुजली. निर्णय ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा. मात्र त्याआधी तो विषय अभ्यासगटात समजून घ्यायचा. बाहेरच्या जाणकाराने माहिती द्यावी, निर्णय देऊ नये, हा संकेत. येथे प्रशिक्षणार्थी म्हणून वेगळा वर्ग नाही, प्रमाणपत्रही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू हे गौण वनोपज आहे असे कायद्यात स्पष्ट असूनही वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे येण्यास एप्रिल २०११ उजाडले. या काळात कायदा गावाने वाचलेला होता. तो वाचण्याची आणि मानण्याची गरज शासनयंत्रणेला होती. प्रशिक्षणाच्या रूढ कल्पनेत शिकणारा नेहमी खाली व शिकविणारा वर असतो, ती उतरंड येथे लागू पडत नाही.

पुन्हा खंड

२०२२ पासून राज्यातील बहुसंख्य महानगरपालिका, नगरपालिका व जिल्हा परिषदा यांचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादात निवडणुका रखडल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घेण्याचा आदेश दिला. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. १९७९ ते १९९२ या काळात पाच वर्षांच्या मुदतीला घटनेचा आधार नव्हता. या वेळी तो होता, तरीही जवळजवळ चार वर्षे सभागृह रिकामे राहिले. एवढ्या काळात अंदाजपत्रके मंजूर झाली, रस्ते झाले, निविदा निघाल्या. त्यांवर प्रश्न विचारणे कोणाच्याही पदाचे काम नव्हते. २०२६ च्या सभागृहांत प्रथमच आलेल्या नगरसेवकांसाठी प्रशिक्षण वर्ग भरतील. परंतु समितीच्या बैठकीत शेजारच्या खुर्चीवर बसून, अंदाजपत्रकातील शीर्षावर बोट ठेवून दाखविणारे जुने सदस्य त्यांतील किती जणांना लाभतील, हे त्या वर्गांच्या वेळापत्रकावर अवलंबून नाही.