शस्त्रांची कायदेशीर पारख: डमडम गोळीपासून स्वयंनिर्णयी यंत्रापर्यंत



मी आयुष्यभर मराठी शिकविली. कायदा हा माझा प्रांत नव्हे. तथापि मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्रेतिहासाचा राजधर्मविषयक खंड (१९४६) वाचताना आजच्या विषयाचे बीज मला सापडले. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कूट, कर्णी, विषदिग्ध व अग्नीने पेटविलेली शस्त्रे वर्ज्य ठरविली आहेत. लगेच पुढे, हात जोडलेल्याला आणि ‘मी तुझा आहे’ म्हणणाऱ्याला मारू नये, असा दंडक आहे. म्हणजे शस्त्राची पारख आणि शरणागताची ओळख ही दोन्ही एकाच ठिकाणी सांगितली आहेत.

आधुनिक इतिहासात या पारखीचे बोधप्रद प्रकरण आपल्याच देशात घडले. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात १८९६-९७ च्या सुमारास अशी गोळी तयार झाली की, तिच्या टोकावरील धातूचे वेष्टन काढलेले असल्याने ती शरीरात शिरताच फुलून जखम भयंकर करी. तिराहच्या मोहिमेत ती वापरली गेली. १८९९ साली हेगच्या परिषदेत तिच्यावर बंदीचा प्रस्ताव आला, तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी तिचा बचाव केला. युक्तिवादाचा आशय असा की, सुधारलेला सैनिक साध्या गोळीने थांबतो, रानटी थांबत नाही! ‘रानटी’ कोण, हे श्रोत्यांस सांगावयास नको. बंदी मंजूर झाली. ब्रिटनने ती १९०७ साली मान्य केली. तोवर ज्यांना जखमा व्हावयाच्या त्यांना झाल्या होत्या.

कायदा असा शस्त्रामागून धावतो. तो आधी पोहोचावा म्हणून १९७७ च्या जिनिव्हा पूरक मसुद्यातील कलम ३६ ने, नवे शस्त्र विकसित करताना किंवा स्वीकारतानाच त्याचा वापर निषिद्ध ठरेल काय हे तपासण्याचे बंधन राज्यांवर घातले. मात्र तपासणारे ते राज्यच; आणि भारत त्या मसुद्याचा पक्षकार नाही. आंधळे करणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५ साली बंदी आली, ती रणांगणात त्यांचा प्रसार होण्यापूर्वीच. असे उदाहरण विरळाच.

आता प्रश्न आहे तो स्वतःच लक्ष्य हेरून मारणाऱ्या यंत्रांचा. जिनिव्हातील शासकीय तज्ज्ञगटाच्या पहिल्या बैठका २०१७ व २०१८ साली भारताचे राजदूत अमनदीपसिंग गिल यांच्या अध्यक्षतेखाली झाल्या. २०१९ च्या अकरा मार्गदर्शक तत्त्वांनी, शस्त्रवापराच्या निर्णयाची जबाबदारी माणसाचीच राहील, असे म्हटले. पण ही तत्त्वे बंधनकारक नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने याविषयी ठराव केला; बाजूने १५२ मते, विरोधी चार. त्या चारांत भारत होता. ही चर्चा जिनिव्हाच्या मंचावरच व्हावी, अशी आपली भूमिका. तिला कारणे असतील. सीमेवर कुणाला किती सावध राहावे लागते, हे मला घरी बसून कळणार नाही. तरीही ते मत मला खटकते.

आपल्या उणकलात चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन देऊळ उभे आहे. त्या काळी तलवारीने लढणाऱ्याला समोरच्याचे जोडलेले हात दिसत, आणि दिसूनही वार केला तर तो दोष त्याचाच असे. यंत्राला ते हात ओळखता आले नाहीत, तर दोष कोणाच्या माथी मारावयाचा, हे अद्याप एकाही बंधनकारक जागतिक कराराने सांगितलेले नाही.