५८ नंतर कामावर गेलं तर पेन्शन बंद होते का? कोराडी परिसरातल्या कामगारांसाठी माहिती

कोराडी : वीज केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चहाटपरीवर हा प्रश्न नेहमी कानावर पडतो. "भाऊ, अठ्ठावन झाले. ठेकेदार म्हणते अर्धा दिवस येत जाय. पण कामावर गेलो त पेन्शन बंद होईन का?" या भीतीपोटी काही जण पेन्शनचा अर्जच भरत नाहीत. काही जण हातचं काम सोडून घरी बसतात. नुकसान दोन्हीकडे आहे.

सरळ उत्तर असं की, पेन्शन बंद होत नाही. ज्यांचा पीएफ कापला जातो आणि पेन्शनपात्र नोकरी किमान १० वर्षे झाली आहे, त्यांना कर्मचारी पेन्शन योजना १९९५ म्हणजे ईपीएस-९५ मधून ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर पेन्शन मिळते. त्याच जागी काम सुरू ठेवलं तरी मिळते, दुसरीकडे लागले तरी मिळते. (कोळसा खाणीतल्या कामगारांची पेन्शन योजना वेगळी आहे. त्यांनी हे नियम स्वतःला लावू नयेत.)

५८ नंतर पगारातून काय कापलं जातं?

५८ पर्यंत मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जातात. ५८ पूर्ण झाले की ही कपात थांबते. पुढे पीएफ कापला गेला तर तुमचा आणि मालकाचा, दोन्ही हिस्से पूर्ण पीएफमध्येच जमा व्हायला पाहिजेत. मोबाईलवर पासबुक उघडा आणि ५८ नंतरच्या महिन्यांत पेन्शनचा रकाना शून्य आहे का ते बघा. तिथे रक्कम दिसत असेल तर ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्या, नाहीतर अर्ज अडकू शकतो.

दोन वर्षे थांबून पेन्शन वाढवावी का?

पेन्शन ६० पर्यंत पुढे ढकलता येते. थांबलेल्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. ऐकायला बरं वाटते, पण हिशोब करून बघा.

समजा तुमची पेन्शन ३,००० रुपये बसली. दोन वर्षे घेतली नाही तर २४ महिन्यांचे ७२,००० रुपये सोडले. बदल्यात ६० नंतर महिन्याला सुमारे २४५ रुपये जास्त मिळतील. सोडलेले ७२,००० भरून निघायला साडेचोवीस वर्षे लागतात, म्हणजे वय ८४ च्या पुढे जाते. पेन्शन २,००० असो की ५,०००, वर्षे तेवढीच लागतात. या दोन वर्षांत पेन्शनची वर्गणी सुरू ठेवायचाही पर्याय आहे. त्यात नोकरीची वर्षे वाढतात आणि हिशोब थोडा बरा होतो, पण ती रक्कम एरवी तुमच्या पीएफमध्येच गेली असती. ज्याला महिन्याचा किराणा भागवायचा आहे, त्याने ५८ ला पेन्शन सुरू करावी आणि कामाचा विचार वेगळा करावा.

पेन्शन किती बसते?

पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. पगार शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीने धरतात, पण १५,००० रुपयांच्या मर्यादेत. १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांसाठी ही मर्यादा ६,५०० आहे. म्हणून अनेकांची पेन्शन अपेक्षेपेक्षा कमी निघते. २० वर्षे नोकरी झालेल्यांना २ वर्षे वाढवून मिळतात. किमान पेन्शन १,००० रुपये आहे. एवढ्यात घर चालत नाही, म्हणूनच अर्धवेळ कामाचा प्रश्न येतो.

काम धरण्याआधी चार गोष्टी बघा

१) हातात खरंच किती उरते? समजा अर्धवेळ कामाचे ८,००० मिळतात. त्यातून पेट्रोल, डबा, चहापाणी वजा करा. घरची शेती असेल तर कापूस वेचणीला, तूर सवंगायला तुमच्याऐवजी लावलेल्या मजुराची मजुरीही वजा करा. राहिली ती खरी कमाई.

२) ईएसआयसी कापतात का? २१,००० पर्यंत पगार असेल तर ५८ नंतरही हे संरक्षण मिळते, त्याला वयाची अट नाही. रोखीच्या कामात पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च घरावर येतो. किमान ५ वर्षे विमा असलेल्या निवृत्त कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून पती-पत्नी दोघांसाठी ईएसआयसीचे उपचार सुरू ठेवता येतात. ७० नंतर आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही.

३) दुसरी योजना तुटते का? मासिक पेन्शन १०,००० किंवा जास्त असेल तर पीएम किसानचे वर्षाचे ६,००० मिळत नाहीत (चतुर्थ श्रेणीतले सरकारी निवृत्त वगळून). श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षे वय आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागते. महिन्याला २,००० पेन्शन म्हणजे वर्षाचे २४,००० झाले. तिथेच अट मोडते.

४) शरीर काय म्हणते? आमच्या शेजारचे एक काका कोळसा विभागात होते. ५८ नंतरही त्यांनी रात्रपाळी धरली. सहा महिन्यांत गुडघे गेले आणि कमावलेलं औषधात गेलं. आता सकाळी चार तास एका दुकानात बसतात. पैसा कमी आहे, पण रात्री झोप लागते असं सांगतात.

अर्जाआधीची तयारी

आधार आणि पीएफमधली जन्मतारीख जुळवून घ्या. ठेकेदार बदलत गेले असतील तर सगळी जुनी खाती एकाच यूएएनखाली आणा, नाहीतर दहा वर्षे कागदावर भरत नाहीत. ठेकेदाराने पीएफ भरला नसेल तर मुख्य मालकाचीही जबाबदारी असते, तक्रार नागपूरच्या पीएफ कार्यालयात करता येते. पेन्शनचा अर्ज १०-डी नमुन्यात भरायचा असतो. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्या. तो दिल्यापासून एक वर्ष चालतो. दाखला राहिला तर पेन्शन थांबते, कामावर गेल्याने नाही.

काम धरायचं की सोडायचं, हे घरी बसून, बायको-पोरांना विचारून ठरवा. पण अठ्ठावन पूर्ण झाले असतील तर पेन्शनचा अर्ज त्यासाठी अडवून ठेवू नका.