वालाजाही मशिदीवरील तारीख

चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणी भागात, ज्याला इंग्रज ट्रिप्लिकेन म्हणत, करड्या दगडाची वालाजाही मशीद आहे. कर्नाटकाचे नवाब मुहम्मद अली वालाजाह यांच्या घराण्याने ती १७९५ साली बांधली. मराठी माणसाला हे नवाब आठवतात ते १७७३ साली तंजावर जिंकून तुळजाजीराजांना बंदीत टाकणारे म्हणून, आणि ती आठवण खोटी नाही.

मशिदीवर तिचे साल फारसी रिवाजाप्रमाणे अक्षरांत कोरले आहे. प्रत्येक अक्षराला ठरावीक अंक असतो. शब्द असे योजावयाचे, की बेरजेतून वर्ष निघावे. येथील शब्द तीन : जिक्र, अल्लाह आणि अकबर. अंक ९२०, ६६ आणि २२३. बेरीज १२०९, हेच हिजरी साल. ईश्वराचे स्मरण थोर, असा त्यांचा भाव, आणि तो कुराणाच्या २९व्या अध्यायातील ४५व्या आयतीतून घेतलेला. ही तारीख रचणारे राजा मखनलाल मात्र हिंदू होते, नवाबांचे मुन्शी.

पुढचीच ४६वी आयत सांगते, की ग्रंथधारकांशी वाद करावा तो उत्तम रीतीनेच. अन्याय करणारे तेवढे वगळावे. पण ग्रंथधारक म्हणजे मुख्यतः यहुदी आणि ख्रिस्ती. मग श्रद्धाच न स्वीकारणाऱ्यांचे काय? हनफी धर्मशास्त्र्यांनी अरबस्तानाबाहेरील मूर्तिपूजकांनाही संरक्षण दिले. जिझिया घेऊन दिले, तेव्हा त्याला समता म्हणता येत नाही. काही भाष्यकारांच्या मते युद्धाच्या आयतींनी सौम्य आयती रद्दच झाल्या. इतरांनी त्या युद्धआज्ञा करार मोडणाऱ्या तत्कालीन शत्रूंपुरत्या मानल्या. रद्द आयतींची यादी मुळात फार लांब. सुयूतींनी ती सुमारे २० वर आणली, आणि दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी, १८व्या शतकात, अवघ्या ५ वर. यादी आखडली, की क्षमेच्या आयतींना पुन्हा बळ येते. हा वाद वरवर व्याकरणाचा दिसतो. पण शेजाऱ्याचे जगणे त्यावर अवलंबून असे.

वालाजाहांच्या पदरी विद्वानांची वाण नव्हती. लखनौच्या फिरंगी महल घराण्यातील अब्दुल अली त्यांच्या आश्रयास आले होते. रूमीच्या मसनवीचे हे भाष्यकार, ‘बहरुल उलूम’, म्हणजे विद्यांचा सागर, या पदवीने ओळखले जात. एका शिलालेखावरून नवाबांना उदार ठरविणे घाईचे होईल. तंजावर आड येते. तरीही प्रार्थनागृहाच्या दगडावर कुराणातील शब्द योजण्याचा मान एका हिंदू मुन्शीला मिळाला, आणि ती अक्षरे कोणी खरवडली नाहीत. अब्दुल अली १८१० साली निवर्तले. त्यांची कबर त्याच मशिदीच्या आवारात आहे.